भिंतीतून उजेड येता कामा नये

सोलापुरात आणखी कशाकशाचा तुटवडा असेल, पण उजेडाचा कधीच नव्हता. पाणी नळाला लहर आली की यायचं, रॉकेल रांगेत उभं राहून मिळायचं, साखर रेशनवर; उजेड मात्र फुकट आणि पोत्यानं. एप्रिलात भर दुपारी रस्त्यावर उतरलं तर माणसाची सावलीसुद्धा पायाखाली दडून बसायची, ओढून काढली तरी बाहेर यायची नाही. अशा गावात उजेडाशी हाडवैर धरून जगणारा एक मनुष्य होता, आणि नेमकं त्याच मनुष्याच्या माडीवर भाड्यानं राहायचं माझ्या नशिबी आलं.

त्यांना सगळी गल्ली 'मालक' म्हणायची. फोटो स्टुडिओचे मालक, घराचे मालक, आणि त्यांच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे गल्लीतल्या यच्चयावत बल्बांचे मालक. उंची बेताची, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळे कायम किलकिले. दिवसा ओट्यावर आले की असे बिचकायचे की घुबडानं त्यांच्याकडे शिकवणी लावावी. बोलायचे मराठी, पण संतापले की कानडीत शिरायचे. 'बेळकु बंतु!' ही त्यांची आरोळी मी इतक्यांदा ऐकली, की उजेड आला एवढं कानडी मला आजही झोपेतून उठवून विचारा, मी सांगीन. नुसतं सांगणार नाही, दचकून सांगीन.

बहात्तरच्या दुष्काळाची कामं नुकतीच आवरत आली होती. त्या कामांवर हजेरी घेणारा कारकून म्हणून करमाळ्याहून मला सोलापूरच्या कचेरीत आणून टाकलं होतं. खोली शोधत शोधत मी मालकांच्या दारात पोचलो. इतर घरमालक जात विचारायचे, पगार विचारायचे, मटण खाता का विचारायचे. यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं,

"रात्री दिवा लावता का?"

"लावतो की."

"कशाला?"

हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "दिसावं म्हणून."

"एवढं काय बघायचंय?"

खोली मिळाली, ती दिव्याच्या अटीवर. माडीची जमीन फळ्यांची होती आणि फळ्यांमध्ये फटी होत्या. बरोबर खाली मालकांची अंधारखोली, जिथं ते तांबड्या बल्बाच्या उजेडात फोटो धुवायचे. फोटोच्या कागदाला तांबडा उजेड चालतो. दुसरा कुठलाही लागला की कागद काळा पडतो. म्हणून नियम असा की, दिवा लावायच्या आधी मी तीन वेळा पाय आपटायचे. खालून 'लाव' असं आलं तर लावायचा, 'थांब' आलं तर थांबायचं. एकदा 'थांब' म्हणून मालक मागच्या दारानं कीर्तनाला निघून गेले. मी अंधारात तांब्या समजून तेलाची बरणी तोंडाला लावली. शेंगदाण्याचं होतं म्हणून वाचलो.

माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी आधी हा नियम समजावायचो, मग चहा विचारायचो. करमाळ्याचे मामा आले तेव्हा नेमकं विसरलो. मामांनी ऐसपैस मांडी घातली, बिडी काढली आणि काडी ओढली. काडी पेटायला आणि खालून किंकाळी यायला एकच गाठ पडली. मामांना वाटलं, खाली कोणी मेलं. मेला होता तो कोण्या एका नवरदेवाचा फोटो. अक्कलकोटकडचं मोठं लग्न होतं, आणि मामांच्या बिडीचा उजेड फटीतून बरोबर नवरदेवाच्या तोंडावर पडलेला. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला तो फोटो दाखवला. मांडवभर माणसं कशी लख्ख, आणि मधोमध नवरदेवाच्या जागी बाशिंग बांधलेला काळा पट्टा.

"मालक, दुसरी प्रत काढा की," मी म्हणालो.

"काढली. पण हे तुमच्या मामांना द्या. भिंतीला लावू देत. कळू दे, काय केलं ते."

मामांनी तो खरंच लावला. करमाळ्याला जाल तर अजून दिसेल.

उजेडाविषयी मालकांची मतं एखाद्या चोराविषयी बोलावं तशी होती. "पाण्याला उतार लागतो, वाऱ्याला खिडकी लागते," ते म्हणायचे, "ह्याला काही लागत नाही. नखाएवढी जागा दिसली की आत. पण एक आहे. ह्याला वळता येत नाही. दोन वळणं घाला वाटेत, तिथंच बसतोय गपगार." त्यांच्या अंधारखोलीच्या दाराला म्हणूनच चादरीचे दोन पडदे होते, एकापुढे एक, उलटसुलट. त्या पडद्यांमधून आत जाताना आपणच वाट चुकून पुन्हा बाहेर यायचो. उजेड बिचारा कुठून पोचणार?

फोटोपुरतं असतं तर मी सोसलं असतं. पण मालकांना नाद होता तो देखाव्यांचा. गणपतीत गल्लोगल्ली पुठ्ठ्याची देवळं, किल्ले, राजवाडे व्हायचे आणि आत बल्ब सोडलेले असायचे. लोक बघून खूष व्हायचे. मालक बघून आजारी पडायचे. कारण पुठ्ठ्याच्या भिंती आतल्या बल्बानं तांबूस पेटायच्या. खिडकीतून उजेड यायचा तो यायचाच, पण भिंतीतून, कोपऱ्यातून, छपराखालून, जोत्यातून, जिथून तिथून यायचा.

"हे देऊळ हाय व्हय? ही पिकलेली पपई हाय!" असं ते भर गर्दीत म्हणायचे. एका वर्षी पलीकडच्या पेठेतल्या राजवाड्यापुढे उभे राहून ओरडले, "भिंत पेटलीय, भिंत!" आणि तिथल्या एका तत्पर कार्यकर्त्यानं अख्खी बादली राजवाड्यावर ओतली. राजवाडा खाली बसला, राजा वाहून गेला. त्या पेठेत मालकांना पुढे कोणी पान खायलासुद्धा उभं करत नव्हतं. मालकांना त्याचं काही नव्हतं. "बघा, आता कसा दिसतोय! अंधारात हाय, पण खरा दिसतोय," म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. मालकांच्या घराच्या मधोमध एक भिंत होती. तिच्या पूर्वेला मालक, पश्चिमेला त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. मालक त्याला 'पश्चिमेकडचे' म्हणायचे, जणू काही तो युरोपात राहतो. भावानं मागच्या पडवीत दोन माग टाकले होते, टॉवेल विणायचा. त्या मागांचा खडखडाट दिवसभर भिंतीतून यायचा, पण मालकांची त्याला हरकत नव्हती. "आवाज येऊ दे. उजेड यायचा नाही."

भांडणाचं कारण मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे मालकांच्या पत्नी. त्यांची धाकटी बहीण पश्चिमेकडे दिलेली. म्हणजे दोन भावांना दोन बहिणी. वडील आजारी होते, शेवटच्या दुखण्यात. मालकांनी त्यांना उशांचा टेकू देऊन बसवलं, फेटा बांधला आणि फोटो घेतला. वडिलांना फोटोचा भारी तिटकारा, त्यामुळं आयुष्यात तो एवढाच. फोटोची काचेची प्लेट घेऊन मालक अंधारखोलीत गेले, आणि ती धुवायच्या पाण्यात असताना धाकट्यानं धाडकन दार उघडलं. त्यांचे मामा भेटायला आलेत एवढंच सांगायला. प्लेट जळाली. पुन्हा घेऊ म्हणेपर्यंत वडील गेले. मालकांच्या घरात अर्ध्या सोलापूरचे फोटो होते, कुणाकुणाच्या म्हशींचेसुद्धा होते, बापाचा नव्हता. पुढे वाटण्या झाल्या, भिंत आली, आणि वडिलांची खोली पश्चिमेकडे गेली.

"दार उघडलं म्हणून भिंत घातली ह्यांनी," काकू म्हणाल्या, आणि परसात बुटक्या झालेल्या त्याच भिंतीवरून बहिणीला चटणीची वाटी दिली. दोघी बहिणींचा सगळा संसार त्या भिंतीवरून चालायचा. चटणी, भाकरी, कढीलिंब, रडणं, सगळं. भाऊभाऊ मात्र रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण गटारीत उतरायचा, पण वाट ओलांडायचा नाही.

त्या वर्षी गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष झाला नरसय्या. विणकर, तेलुगू घरातला, मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस. तो मालकांकडे आला. "मालक, औंदा देखावा तुमचा. देऊळ नको, किल्ला नको. आपली गल्लीच करा. प्रत्येकाचं घर, प्रत्येकाच्या खिडकीत दिवा. माणसं आपलं आपलं घर हुडकत बसतील."

मालकांचे डोळे पहिल्यांदा पूर्ण उघडलेले मी त्या दिवशी पाहिले. ते म्हणाले, "करतो. पण भिंतीतून उजेड येता कामा नये."

"न्हाय आला तर न्हाय आला," नरसय्या म्हणाला. बिचाऱ्याला काय माहीत!

आणि आमचे हाल सुरू झाले. आमचे म्हणजे माझे. कचेरीतून आलो की मालक जिन्यातच धरायचे. पुठ्ठ्याची घरं कापून झाली. त्यांचं तंत्र मात्र आत होतं. "पुठ्ठा म्हणजे नुसता सदरा. आतलं पोट काळं पाहिजे." आतून आधी काजळी आणि सरसाचे दोन हात. त्यावर फोटोचे कागद ज्यात येतात तो दाट काळा कागद. त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी, कारण ती उजेडाला परत हाकलते. त्या चांदीपायी मालकांनी कचेरीतल्या सगळ्या लोकांना माझ्यामार्फत सिगारेटी ओढायला लावल्या. आमच्या हेडक्लार्कला खोकला लागला तो तेव्हापासून. प्रत्येक कोपऱ्याला कापडाची पट्टी, जोत्याखाली चादरींचे काठ कापून अंथरलेले, की मेजावरून खालून उजेड निसटू नये. गरम हवा जावी म्हणून छपरात नळ्या, त्यासुद्धा दोनदा वाकवलेल्या. एवढ्या पुठ्ठ्यात आणि खळीत पश्चिमेकडच्यांना आणखी दोन माग बसवता आले असते.

मग तपासणी. गल्ली अंधारखोलीत मांडायची, खिडक्यांवर पट्ट्या लावायच्या, आत बल्ब पेटवायचे आणि मी जमिनीवर पालथं पडून कुठं ठिपका दिसतो का ते सांगायचं. मी डोळे फाडफाडून बघायचो. थोड्या वेळानं माणसाला अंधारात ठिपके आपोआप दिसायला लागतात. मी सांगायचो, 'तिथं एक.' मालक तिथं कागद लावायचे. माझ्या डोळ्यांतल्या ठिपक्यांवर मालकांनी निदान शंभर ठिगळं लावली असतील.

आणि या काळात घरातला, माडीवरचा, ओट्यावरचा, सगळा उजेड बंद. माझ्यासाठी मुलगी बघायची बोलणी त्याच दिवसांत चालली होती. मुलीचे वडील संध्याकाळी मला आणि माझी खोली बघायला आले. काकूंनी पोहे केले. वडिलांनी पहिला घास घेतला आणि खालून आरोळी आली, "बंद करा, तपासणी!" मी दिवा घालवला. त्या गृहस्थांनी उरलेले पोहे, चहा, माझी चौकशी, सगळं काळोखात उरकलं. 'मुलगा कसा आहे हे बाबांना नीट दिसलंच नाही, म्हणून तर जमलं,' असं माझी बायको आजही चार लोकांत सांगते.

गल्ली तयार होत आली, आणि नरसय्या एक दिवस बघायला आला. घरोघर दिवे. मालकांच्या घरात तर दिवाळी. शेजारचं घर मात्र ठार काळं.

"मालक, ह्यांचा बल्ब ऱ्हायला की."

"ऱ्हायला न्हाय. ठेवलाच न्हाय."

"आवो, गणपतीपुढं अख्ख्या गल्लीत दिवा आणि एकाच घरात अंधार? कसं दिसतंय ते? सख्खा भाऊ हाय तुमचा!"

"पश्चिमेकडच्यांना उजेडाची कदर नाही," मालक म्हणाले. "जिथं नको तिथं उजेड आणत्यात ते. माझ्या गल्लीत त्यांना अंधार मिळंल."

नरसय्या चिडला, ओरडला, तेलुगूत काहीतरी बोलला आणि गेला. दुसरा देखावा करायला पुरेसे दिवस नव्हते. ही बातमी खऱ्या भिंतीवरून पश्चिमेकडे पोचली. भाऊ म्हणाला म्हणे, "मी कशाला जातोय बघायला? माझं घर मला ठाऊक हाय." पण त्या दिवशी माग दुपारीच बंद पडले ते संध्याकाळपर्यंत सुरू झाले नाहीत.

आता मालकांच्या सगळ्या कलेचा जीव एका पुठ्ठ्यात आला. त्यांचं घर आणि भावाचं घर यांच्या मधली भिंत. इकडे लख्ख बल्ब, तिकडे पूर्ण अंधार पाहिजे. तिला त्यांनी दोन्ही बाजूंनी काळं केलं, दोन्हीकडून कागद, दोन्हीकडून चांदी. तपासलं. ठिपका नाही. मालक तृप्त झाले, त्या दिवशी मला 'थांब' न म्हणता 'लाव' म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी बल्ब पेटवले, तर भावाच्या खिडकीत मंद पिवळा उजेड.

"बेळकु बंतु!" सगळी गल्ली हादरली. खरीसुद्धा.

भिंतीत एक भोक होतं. गोल, नेटकं. मालकांनी ते बुजवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा भोक. मालक म्हणाले, कसर लागली, खळ खाऊलालीय. खळीत मोरचूद घातला. पुन्हा भोक. मग उंदीर. मालकांनी सापळा आणून गल्लीच्या मधोमध ठेवला, भजं लावून. ते नरसय्यानं बघितलं.

"मालक, डोकं ठिकाणावर हाय का? गणपतीचा देखावा, आणि त्यात उंदराला सापळा? देवाचं वाहन धरणार तुमी?"

"वाहनानं माझी भिंत कुरतडली!"

"मग हात जोडा त्याला!"

सापळा गेला. भोकं राहिली. शेवटी संशय माझ्यावर आला. "तुमी पालथं पडता तितं. नाक लागतंय तुमचं."

"मालक, माझं नाक गोल आहे का?"

ते बराच वेळ माझ्या नाकाकडे बघत राहिले. मी चिडून माडीवर गेलो आणि पाय न आपटता दिवा लावला. माझ्या आयुष्यातलं एवढंच बंड.

खरा उंदीर मला रविवारी दुपारी दिसला. मालक जेवून पडले होते. मी पाणी प्यायला खाली उतरलो, तर अंधारखोलीचे दोन्ही पडदे बाजूला, आणि काकू पदर खोचून पुठ्ठ्याच्या गल्लीत वाकलेल्या. हातात गोधड्या शिवायचं दाभण, चुलीत तापवून लालबुंद केलेलं. त्यांनी ते मधल्या भिंतीत घातलं. चर्र आवाज झाला. मागे वळल्या तर मी.

"काकू!"

"काय काकू? माझी बहीण राहती त्या घरात. गणपतीपुढं तिच्या घरात अंधार ठेवू व्हय?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शेंगापोळ्या केल्यात. खातोस का सांगतोस?"

मी खाल्ल्या. पुढे रोज एक भोक आणि रोज एक पोळी, तूप घालून. प्रतिष्ठापनेपर्यंत माझी विजार कमरेला येईनाशी झाली होती.

गणपती बसले. संध्याकाळी मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुठ्ठ्याची गल्ली स्टेजवर, मागे काळी चादर टांगलेली, चादरीच्या मागे मालक आणि हातात विजेरी घेऊन मी. घरांच्या पाठी मागून उघड्या होत्या, की बल्ब उडाला तर बदलता यावा. मालकांच्या खिशात काळे कागद, बोटांना खळ. लढाईला उभा असल्यासारखा माणूस. सकाळीच त्यांनी मधली भिंत पुन्हा बुजवली होती आणि तिच्यावर नजर ठेवून दिवसभर उपाशी बसले होते. फक्त मघाशी आरतीला उठले तेवढेच. काकूंना आरती पाठ नव्हती म्हणून त्या चादरीमागेच थांबणार, असं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

मांडवातले दिवे गेले. गल्ली पेटली.

मी आयुष्यात मालकांना एवढ्या शिव्या दिल्यात, पण तेव्हा चादरीच्या फटीतून जे दिसलं त्यानं माझं तोंड बंद झालं. भिंती घट्ट. छपरं घट्ट. दगडाला दगडपणा होता. उजेड फक्त खिडक्यांत, जिथं माणसं असतात तिथं. आणि लोकांत एकच कालवा. "ते बघ आपलं!" "आई, आपली खिडकी!" "अरे, माझा माग दिसतोय काय आतला?"

आणि मग तो कालवा हळूहळू खाली बसला. मी पाहिलं, पश्चिमेकडचे आले होते. बायकोनं हाताला धरून आणलेले. लोकांनी वाट दिली. ते आपल्या घरापुढे उभे राहिले. त्यांच्या खिडकीत मंद, पिवळा उजेड होता.

"नरसय्या," ते म्हणाले, "माझ्या घरात दिवा कुणी लावला?"

चादरीमागे मालकांनी हे ऐकलं, वाकून बघितलं, आणि स्वतःच्या पुठ्ठ्याच्या घरात दंडापर्यंत हात घातला. बल्बाला लागून हात पुढे सारला आणि मधल्या भिंतीवर अंगठा दाबला. भावाच्या घराची खिडकी काळी झाली.

"गेला गं," काकूंची बहीण म्हणाली.

"जायचाच," भाऊ म्हणाला. "चुकून आला असंल."

तो वळला नाही, उभाच राहिला. बल्ब तापलेला होता. मालकांच्या दंडावरचे केस जळल्याचा वास मला आला. मी कुजबुजलो, "मालक, हात भाजतोय." त्यांनी दात आवळले. सोसलं, सोसलं, आणि शेवटी हात झटकन मागं घेतला.

"आला!" भाऊ पोरासारखा ओरडला. मग कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखा म्हणाला, "बाबांची खोली ती. बाबा आजारी होते तवा असाच असायचा की उजेड. कंदील बारीक करून ठेवायचो आपण."

मालक काळा कागद खळ लावून हातात धरून होते. तो हात तसाच राहिला. कागदावरची खळ त्यांच्या धोतरावर ठिबकत होती. मी विजेरी विझवली, कारण त्यांच्या तोंडाकडे बघायची सोय नव्हती.

मग चादरीमागून, गणपतीच्या अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा मालकांचा आवाज उमटला.

"एवढा बारीक नव्हता!"

इतक्या वर्षांत पूर्वेनं पश्चिमेला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द.

"एवढाच होता!" भाऊ समोरून म्हणाला.

"तू झोपलेला असायचास. वात मी खाली करायचो. मला ठाऊक हाय!"

"मग कर की मोठा!"

मालक माझ्याकडे वळले. "बायकांच्यात जा आणि तुमच्या काकूला सांगा, दाभण आण म्हणावं."

"कसलं दाभण?" मी अगदी भोळेपणानं विचारलं.

"तिचं. तीन आठवडं चालवलालीय ते. आणि तुमी काय पोळ्या फुकट खाल्ल्या व्हय? पळा!"

म्हणजे हा मनुष्य सगळं जाणून होता! उंदराला सापळा लावत होता, माझ्या नाकाकडे बघत होता आणि सगळं जाणून होता! रोज बुजवायचं आणि रोज वाट बघायची, असलं भांडण मी दुसरं पाहिलं नाही. ते भोक बायकोनं पाडायचं ह्याला चालत होतं, पण स्वतः पाडायला ह्याचा हात उठत नव्हता.

काकूंनी दाभण दिलं. घरून आणावं लागलं नाही, कनवटीलाच होतं. मालकांनी ते भिंतीत घालून फिरवलं.

"आता?"

"अजून थोडा," समोरून आलं.

"आता?"

"अजून. हां... बास. बास, अण्णा, बास!"

मालकांनी दाभण बाहेर काढलं. चादरीच्या फटीला डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय. तम्मा, एवढाच होता." आणि तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, एवढं कानडी मला कुणी न सांगता कळलं.

इथं थांबता आलं असतं तर मी सुखी झालो असतो. लोक डोळे पुसत घरी गेले, नरसय्यानं पेढे वाटले. हाल पुन्हा माझेच झाले. विसर्जनानंतर भाऊ रोज संध्याकाळी माग बंद करून पूर्वेकडे यायला लागला, आणि दोघं मिळून अंधारखोलीत बसायला लागले. एक फोटो धुवायचा, दुसरा तो चुकीचा धुतो आहे असं सांगायचा. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं; दिवसाला एक म्हटलं तरी भांडणं पुरायला जन्म कमी पडला असता.

एका संध्याकाळी कचेरीतून दमून आलो. माडीवर गेलो, काळोखात तीन वेळा पाय आपटले. खालून एक आवाज आला, "थांब!" आणि लगेच दुसरा, "लाव!"

"मी थांब म्हणलालोय तर तू लाव का म्हणतोस?"

"कागद डब्यात गेलाय की. पोरगं अंधारात किती उभं ऱ्हाईल?"

"तुला काय कळतंय कागदातलं? तू फक्त दार उघड!"

"काढलंस? काढलंस पुन्हा दार?"

मी बटणावर बोट ठेवून उभा राहिलो. खालच्या फळ्यांच्या फटींतून तांबडा उजेड वर येत होता, आणि त्यातून दोघं एकमेकांवर ओरडत होते. काकूंनी खालून जेवायला हाक मारली, तरी त्यांचा निकाल लागला नव्हता.